'तोमार' म्हणजे घेणे: एका स्पॅनिश क्रियापदाचा भूतकाळ मराठीच्या वाटेनं

पीथमपूरच्या एका औषध कंपनीत निर्यातीचे कागद तपासणं हे माझं काम. माल बराचसा दक्षिण अमेरिकेत जातो, म्हणून चाळिशीत स्पॅनिश शिकायला बसले. पहिल्याच वर्षी एक घोळ घातला. पेरूच्या ग्राहकानं इमेलमध्ये विचारलं होतं, मालाचा नमुना घेतला का? आमच्या प्रयोगशाळेतल्या माणसानं तो आदल्या दिवशीच घेतला होता. मी उत्तर लिहिलं ते मात्र 'तोमो ला मुएस्त्रा' असं. शेवटच्या 'ओ'वर एक बारीक तिरकी रेघ द्यायची राहिली. त्या रेघेशिवाय वाक्याचा अर्थ होतो 'मी नमुना घेते', म्हणजे अजून घ्यायचाय. तो बिचारा दोन दिवस वाट बघत बसला आणि मला वाटत राहिलं की उशीर त्याच्याचकडून होतोय.

त्यानंतर मी ते एकच क्रियापद धरून बसले. दहा दिवस, रोज इंदूर ते पीथमपूर बसमध्ये वीस मिनिटं. नंतरची क्रियापदं शिकायला इतका वेळ लागला नाही, कारण साचा एकदा बसला की बसला. हाच क्रम खाली देतेय. एक अट आहे: इंग्रजीला मध्ये येऊ द्यायचं नाही. आपल्यापैकी बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजी पुस्तकांतून शिकतात आणि तिथेच फसतात. या क्रियापदापुरती मराठी स्पॅनिशच्या कितीतरी जवळ आहे.

आधी वही आणि अवग्रह

उच्चारापासून सुरुवात. 'तोमार'मधला 'त' आपल्या ताकातला त, टमाट्यातला ट नव्हे. इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस सवयीनं 'टोमार' म्हणतो. ते लगेच सोडा. शेवटचा 'र' आपलाच, जिभेच्या टोकानं हलका मारलेला.

दुसरी गोष्ट आघाताची. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये तिथेच सगळं आहे. मी वहीत एक युक्ती केली: ज्या अक्षरावर जोर, त्याच्यापुढे अवग्रह. तोऽमो म्हणजे जोर 'तो'वर. तोमोऽ म्हणजे जोर 'मो'वर. या लेखातही तीच खूण वापरलीय, गर्दी नको म्हणून फक्त क्रियापदांना.

स्पॅनिश लिहिताना हाच जोर कधीकधी स्वरावरच्या उजवीकडे झुकलेल्या रेघेनं दाखवतात. तिला 'तिल्दे' म्हणतात. मोबाईलवर स्वराचं अक्षर थोडा वेळ दाबून धरलं की तिल्देवालं अक्षर वर येतं. संगणकावर इंग्रजीचा 'इंटरनॅशनल' कीबोर्ड निवडला तर आधी एकेरी अवतरणचिन्ह आणि मग स्वर दाबायचा. कीबोर्डवर सापडत नाही म्हणून रेघ सोडून देऊ नका. त्याची किंमत वर सांगितलीच आहे.

अर्थ: 'घेणे' हा शब्द पुढे ठेवा

इंग्रजी शब्दकोशात तोमारपुढे घेणे, पिणे, खाणे, पकडणे, काढणे असे दहा अर्थ ओळीनं दिलेले असतात आणि नवा माणूस ते पाठ करत बसतो. त्याची गरज नाही. मराठीत आपण काय काय 'घेतो' ते आठवा.

चहा घेणे: तोमाऽर ते. औषध घेणे: तोमाऽर मेदिसिना. निर्णय घेणे: तोमाऽर उना देसिसिओन. भाग घेणे: तोमाऽर पार्ते. उसनं घेणे: तोमाऽर प्रेस्तादो. टिपणं घेणे: तोमाऽर आपुन्तेस. ताबा घेणे: तोमाऽर पोसेसिओन. नमुना घेणे तर झालंच. एखादी गोष्ट गंभीरपणे घेणे: तोमाऽर एन सेरिओ. कोणाला काही देताना आपण 'हे घे' म्हणतो, ते स्पॅनिशमध्ये नुसतं 'तोऽमा'. आदरानं 'घ्या' म्हणायचं तर 'तोऽमे'. औषधाच्या वेष्टनातल्या कागदावर मला हाच शब्द रोज दिसतो: 'तोऽमे उना ताब्लेता कादा ओचो ओरास', दर आठ तासांनी एक गोळी घ्या.

आणखी एक गंमत. मराठीत 'तो घेतो' एवढंच म्हटलं, काय घेतो ते सांगितलं नाही, तर ऐकणारा काय समजतो? लॅटिन अमेरिकेतही 'एल तोऽमा' म्हटलं की तेच समजतात. मेक्सिकोच्या एका ग्राहकानं फोनवर हसतहसत विचारलं होतं, 'उस्तेद तोऽमा?' मी उत्साहानं सांगितलं, हो, रोज सकाळी आणि चार वाजता. तो चहाबद्दल विचारत नव्हता.

'पाढे म्हणून घेणे' आठवतं ना? आई समोर बसवून पाढे घ्यायची. स्पॅनिशमध्ये शिक्षकानं मुलाकडून धडा म्हणून घेण्याला 'तोमाऽर ला लेक्सिओन' म्हणतात. ही जोडी सापडली तेव्हा मला बसमध्ये एकटीला हसू आलं होतं.

तुमच्या वहीत पहिल्या दिवशी एवढंच करा: दिवसभरात तुम्ही जिथे जिथे 'घेणे' वापरलंत ती वाक्यं मराठीतच लिहा. वीस तरी होतील.

जिथे जोडी जमत नाही

त्या वीसातली पाच-सहा वाक्यं आता खोडायची आहेत.

सगळ्यात मोठा खड्डा 'विकत घेणे'चा. आपण 'विकत' म्हणतच नाही, एम. टी. क्लॉथ मार्केटातून साडी घेतली, असंच सांगतो. स्पॅनिशमध्ये तिथे 'कोम्प्राऽर' हवं. तोमाऽर वापरलं तर साडी दुकानातून उचलून आणली असा वास येतो. 'आनंद घेणे'ला दिस्फ्रुताऽर, 'शोध घेणे'ला बुस्काऽर. 'शपथ घेणे' तर उलटंच आहे: 'तोमाऽर खुरामेन्तो' म्हणजे दुसऱ्याकडून शपथ घेववणे. म्हणजे मंत्र्याला शपथ देणारे राज्यपाल 'तोमाऽर' करतात आणि मंत्री 'खुराऽर' करतो.

उलट बाजूनं, मराठीत 'घेणे' नसलेल्या दोन-तीन ठिकाणी स्पॅनिशमध्ये तोमाऽर येतं. 'तोमाऽर एल सोल' म्हणजे सूर्य घेणे, आपलं ऊन खात बसणे. 'तोमाऽर एल पेलो' म्हणजे शब्दशः केस घेणे, अर्थ थट्टा करणे. बस किंवा आगगाडी पकडणे म्हणजे तोमाऽर एल आउतोबुस, तोमाऽर एल त्रेन. स्पेनमध्ये बस पकडायला 'कोखेऽर' हे दुसरं क्रियापद जास्त चालतं, पण तेच मेक्सिको किंवा अर्जेंटिनात अश्लील ठरतं. तोमाऽर सगळीकडे निर्धोक. पाणी पिण्याचंही तसंच: स्पेनमध्ये 'बेबेऽर' जास्त ऐकू येतं, लॅटिन अमेरिकेत तोमाऽर.

वर्तमानकाळ, फक्त तोंडओळखीपुरता

तोऽमो (मी घेते), तोऽमास (तू), तोऽमा (तो, ती, किंवा आदरार्थी 'उस्तेद'), तोमाऽमोस (आम्ही), तोमाऽइस (तुम्ही, स्पेनमधल्या जवळच्या लोकांत), तोऽमान (ते). दोनदा मोठ्यानं म्हणा आणि पुढे चला. हे इथे एवढ्यासाठीच की भूतकाळाशी टक्कर कुठे होते ते कळावं.

'घेतलं': सहा रूपं

आता मुख्य काम. 'तोमार'मधला 'आर' काढला की 'तोम' उरतो. त्याला ही शेपटं लागतात:

मी घेतलं: तोमेऽ
तू घेतलंस: तोमाऽस्ते
त्यानं, तिनं घेतलं: तोमोऽ
आम्ही घेतलं: तोमाऽमोस
तुम्ही घेतलंत (स्पेन): तोमाऽस्तेइस
त्यांनी घेतलं: तोमाऽरोन

लॅटिन अमेरिकेत पाचवं रूप वापरतच नाहीत. समोर दोन माणसं असोत की दोनशे, तोमाऽरोन. माझ्यासारखं तिकडच्याच लोकांशी काम असेल तर ते वाचून ओळखू आलं तरी पुरे. आदरार्थी 'उस्तेद'ला तिसरं रूप लागतं: उस्तेद तोमोऽ, आपण घेतलंत.

तिल्दे फक्त दोन रूपांवर आहे, पहिल्या आणि तिसऱ्या. तीच दोन रूपं वर्तमानाच्या आणि आज्ञेच्या रूपांशी भिडतात:

तोऽमो, मी घेते. तोमोऽ, त्यानं घेतलं.
तोऽमे, घ्या. तोमेऽ, मी घेतलं.

डॉक्टर 'तोऽमे' म्हणतो आणि रोगी 'तोमेऽ' म्हणतो. एवढा एक प्रसंग डोक्यात ठेवला की झालं. कान तयार करायला मी मांडीवर थाप द्यायचे. तोऽमो: पहिल्या मात्रेवर थाप. तोमोऽ: दुसऱ्यावर. इंदूर घराण्याच्या गावात राहून सम चुकवणं शोभत नाही, असं स्वतःला बजावायचे. चार-पाच दिवसांत कान बसतो. त्याआधी पुढे जाऊ नका, कारण बोलण्यात हाच फरक आधी हरवतो आणि मग लिहिण्यातही.

'तू'च्या रूपाबद्दल एक. मराठीत 'घेतलास, घेतलीस, घेतलंस' असा शेवटी स असतो. स्पॅनिशमध्येही 'तू'ला जवळपास सगळीकडे शेवटी स येतो: तोऽमास, तोमाऽबास. या एका भूतकाळात मात्र नाही. आपली जीभ सवयीनं 'तोमाऽस्तेस' म्हणते. मजा अशी की जन्मानं स्पॅनिश बोलणारे कित्येक जणही हीच चूक करतात आणि शाळेत बोलणी खातात. चूक झाली तर संगत वाईट नाही, पण लिहिताना टाळा.

'आम्ही'चं रूप दोन्ही काळांत एकच, तोमाऽमोस. 'आम्ही गाडी घेतो' की 'घेतली' हे बाजूच्या शब्दावरून कळतं. म्हणून 'आयेर' हा शब्द जोडून टाकायची सवय लावा. आयेर म्हणजे काल. इंदूरच्या हिंदीत 'कल' म्हटलं की गेलेला की येणारा हे क्रियापदावरून ओळखावं लागतं, ती भानगड इथे नाही. त्यांची भानगड वेगळी आहे: 'मान्याना' म्हणजे उद्याही आणि सकाळही. माझ्या त्या इमेलमध्ये एक 'आयेर' असता तरी निभावलं असतं.

शेपूट कोणाकडे बघतं

इथे मराठी माणसाची खास चूक होते, आणि इंग्रजी पुस्तकांत तिचा उल्लेख सापडणार नाही, कारण इंग्रजी माणसाला ती होतच नाही.

मी चहा घेतला. मी कॉफी घेतली. मी दूध घेतलं. मी गोळ्या घेतल्या. घेणारी तीच, पण क्रियापद चार वेळा बदललं, कारण घेतलेली वस्तू बदलली. स्पॅनिशमध्ये चारही ठिकाणी एकच तोमेऽ: तोमेऽ ते, तोमेऽ काफे, तोमेऽ लेचे, तोमेऽ लास पास्तियास. मराठीतलं शेपूट वस्तूकडे बघतं, स्पॅनिशमधलं घेणाऱ्याकडे.

ऐकायला सोपं आहे, पण बोलताना सवय आडवी येते. 'त्यानं गोळ्या घेतल्या' म्हणताना गोळ्या अनेक म्हणून माझ्या तोंडून हमखास 'तोमाऽरोन' जायचं. हवं होतं तोमोऽ, कारण घेणारा एकटा. यावर उपाय म्हणून वाक्य उलटं बनवा: आधी 'कोणी?' विचारा, उत्तर बोटानं दाखवा, मग तोंड उघडा. स्वतःकडे बोट, तोमेऽ. शेजारणीकडे बोट, तोमोऽ. सगळ्या बसकडे बोट, तोमाऽरोन. लोक बघतात. बघू द्या.

याचा एक फायदा आहे. स्पॅनिशमध्ये 'मी', 'तिनं', 'त्यांनी' म्हणायची बहुतेक वेळा गरज पडत नाही, शेपूटच सांगतं. 'चहा घेतला' एवढ्यावरून मराठीत घेणारा कळत नाही. तोमाऽरोन ते यावरून कळतो.

'घ्यायचे': दुसरा भूतकाळ

स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन आहेत आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांची इथे वर्षं जातात. त्यांच्याकडे एकच रूप 'काल घेतला' आणि 'रोज घ्यायचे' दोन्हीला चालतं, त्यामुळे फरक कृत्रिम वाटतो. आपल्याकडे तो फरक दुधाबरोबर पोटात गेलेला आहे. 'काल चहा घ्यायचे' असं मराठी पोर चुकूनही म्हणत नाही. इंदूरच्या घरात वाढलेल्यांना तर तो दोनदा शिकवला गेलाय: घेतला आणि घ्यायचे, लिया आणि लेती थी.

दुसऱ्या भूतकाळाची रूपं:

मी घ्यायचे, घेत होते: तोमाऽबा
तू घ्यायचास: तोमाऽबास
तो घ्यायचा, ती घ्यायची: तोमाऽबा
आम्ही घ्यायचो: तोमाऽबामोस
तुम्ही घ्यायचात (स्पेन): तोमाऽबाइस
ते घ्यायचे: तोमाऽबान

जोर सगळीकडे 'मा'वर, एकदाही हलत नाही. तिल्दे फक्त 'आम्ही'च्या रूपाला. 'मी' आणि 'ती' सारखेच असल्यामुळे गोंधळ होईल तिथे पुढे 'यो' किंवा 'एया' लावायचं. 'ब' फार दाबून म्हणू नका. दोन स्वरांमध्ये तो इतका सैल होतो की आपल्याला 'व' वाटतो.

मराठीतही 'घ्यायचो, घ्यायचे, घ्यायची' हे शेपूट घेणाऱ्याकडेच बघतं, वस्तूकडे नाही. चहा घ्यायचे, कॉफी घ्यायचे, गोळ्या घ्यायचे. म्हणजे मागच्या पायरीवरची चूक इथे होत नाही. वर स्पॅनिशमध्ये घेणारा पुरुष की बाई याचा फरकही नाही, मी म्हणाले काय, तो म्हणाला काय, तोमाऽबा. आपल्यासाठी दुसरा भूतकाळ पहिल्यापेक्षा सोपा आहे. पुस्तकं उलटं सांगतात.

लक्षात ठेवायचं एवढंच की मराठीतली 'घ्यायचे' ही सवय आणि 'घेत होते' ही चालू क्रिया, दोन्हींसाठी स्पॅनिशचं हे एकच रूप चालतं. 'दे निन्या तोमाऽबा लेचे', लहानपणी मी दूध घ्यायचे. 'तोमाऽबा काफे क्वान्दो सोनोऽ एल तेलेफोनो', कॉफी घेत होते तेवढ्यात फोन वाजला. वाजणं एकदाच झालं, म्हणून सोनोऽ, पहिल्या भूतकाळात. 'ताबडतोब', 'एकदम', 'तेवढ्यात' यांच्यामागून जे येतं ते जवळजवळ नेहमी पहिल्यातच असतं.

कुंपणाची कसोटी

वर्गांत शब्दांच्या याद्या देतात: 'आयेर' दिसलं की पहिला भूतकाळ, 'तोदोस लोस दिआस' म्हणजे रोज दिसलं की दुसरा. मला या याद्या आवडत नाहीत. साठ-सत्तर टक्के वेळा चालतात आणि उरलेल्या वेळा आत्मविश्वासानं चुकायला लावतात.

हे बघा: 'पाच दिवस रोज गोळी घेतली.' यात रोज आहे. तरी आपण 'पाच दिवस रोज गोळी घ्यायचे' म्हणत नाही, कारण पाच दिवसांचं कुंपण घातलंय आणि काम संपलंय. स्पॅनिशही तसंच: 'तोमेऽ ला पास्तिया तोदोस लोस दिआस दुरान्ते सिन्को दिआस.' कुंपण काढा: 'तेव्हा रोज गोळी घ्यायचे.' लगेच तोमाऽबा.

कसोटी म्हणजे एवढीच. वाक्यात काळाला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे का? असेल तर तोमेऽ, मग ते कुंपण पाच मिनिटांचं असो की पाच शतकांचं. 'तीन वेळा घेतला' हेही कुंपणच.

आपल्या ओळखीचं उदाहरण. अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये होळकरांच्या राज्याची सूत्रं हाती घेतली. स्पॅनिशमध्ये सूत्रांच्या जागी लगाम येतात, बाकी तेच: 'अहिल्याबाई तोमोऽ लास रिएन्दास एन १७६७.' त्या १७९५ मध्ये गेल्या. अठ्ठावीस वर्षं राज्य केलं: 'गोबेर्नोऽ बेइन्तिओचो आन्योस.' अठ्ठावीस वर्षं हा केवढा मोठा काळ, पण कुंपण पडलंय, म्हणून पहिला भूतकाळ. 'महेश्वरहून कारभार करायच्या' असं म्हटलं की कुंपण गेलं: 'गोबेर्नाऽबा देस्दे महेश्वर.' एकच बाई, एकच राज्य, दोन काळ. ठरवणारं मोठेपण किंवा लांबी नाही, तुम्ही तो काळ बाहेरून बघता की आत शिरून बघता, हे आहे.

या पायरीला तीन दिवस द्या. रोज घरातल्या कोणा मोठ्या माणसाला जुन्या इंदूरची एक आठवण विचारा आणि मराठीत जशीच्या तशी लिहून घ्या. माझ्या सासूबाईंची एक अशी होती: 'आम्ही रात्री सराफ्यात जायचो. हिवाळ्यात गराडू असायचे. एकदा तुझ्या सासऱ्यांनी गरमागरम शिकंजी मागितली, तर दुकानदार म्हणाला, भिया, ती गार असते.' आता प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलनं एक किंवा दोन असा आकडा घाला. जायचो, दोन. असायचे, दोन. मागितली, एक. म्हणाला, एक. 'ती गार असते' वर्तमानकाळ, सोडून द्या. बघा, स्पॅनिशचा एक शब्दही न लिहिता स्पॅनिश व्याकरणाचा सगळ्यात कुप्रसिद्ध धडा झाला.

'घेतलं आहे' आणि 'घेऊन टाकलं'

ही पायरी लहान आहे. 'घेतलं आहे' म्हणजे 'ए तोमाऽदो'. 'ए' हे 'मी'चं साहाय्यक रूप. तू आस, तो आ, आम्ही एमोस, ते आन. स्पेनमध्ये आजच्या दिवसातल्या गोष्टीला हे हमखास वापरतात: आज तीन कॉफ्या घेतल्यात, 'ओय ए तोमाऽदो त्रेस काफेस'. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तिथेही साधं तोमेऽच ऐकू येतं, म्हणून कामाच्या इमेलात मी तेवढ्यावरच भागवते. इथेही ती मराठी सवय जपून: कॉफी घेतली म्हणून 'तोमाऽदा' करू नका. 'ए'च्या मागे तोमाऽदो कधी बदलत नाही.

'घेऊन टाकलं'साठी स्पॅनिशची छान सोय आहे. क्रियापदापुढे 'मे' लावायचं: 'मे तोमेऽ एल काफे', कॉफी संपवून टाकली, कपात थेंब नाही. मोजमाप नसेल तर हे चालत नाही. 'मे तोमेऽ काफे' असं नुसतं म्हणत नाहीत. एक कप, ती कॉफी, सगळं दूध, असं काहीतरी ठरलेलं हवं. मराठीत 'ग्लासभर पाणी पिऊन टाकलं' कानाला बरं लागतं तसंच.

साचा दुसरीकडे लावताना

'आर'नं संपणारी शेकडो क्रियापदं याच साच्यात ओतता येतात. आब्लाऽर बोलणे: आब्लेऽ, आब्लाऽबा. त्राबाखाऽर काम करणे: त्राबाखेऽ, त्राबाखाऽबा. कोम्प्राऽर विकत घेणे: कोम्प्रेऽ, कोम्प्राऽबा. रोज एक घ्या.

काहींच्या 'मी'च्या रूपात लिखाण बदलतं. येगाऽर म्हणजे पोचणे, 'मी पोचले' म्हणजे येगेऽ. रोमन लिपीत जी नंतर ई आला की स्पॅनिश उच्चार 'खे' होतो, म्हणून मध्ये एक यू घालतात, जो ऐकू येत नाही. तोकाऽरचं तोकेऽ होतानाही 'क' टिकवायला तशीच अदलाबदल. उच्चार नियमितच आहे, नुसती अक्षरं हलतात. खरोखर बिघडलेली म्हणाल तर रोजच्या वापरात एस्ताऽर, दाऽर आणि आन्दाऽर ही तीन; तीही फक्त पहिल्या भूतकाळात. दुसऱ्या भूतकाळात 'आर'चं एकही क्रियापद साचा मोडत नाही.

'एर' आणि 'इर'वाल्यांचा साचा वेगळा, पण दोघांचा मिळून एकच. कोमेऽर खाणे: कोमीऽ, कोमीऽस्ते, कोमिओऽ, कोमीऽमोस, कोमीऽस्तेइस, कोमिएऽरोन. दुसरा भूतकाळ कोमीऽआ, कोमीऽआस असा. तोमाऽर पक्कं झाल्यावर हा दोन दिवसांचा मामला आहे.

दहाव्या दिवशीची परीक्षा

खालची उत्तरं झाकून ठेवा. आधी कोणी घेतलं ते ठरवा, मग कुंपण बघा, मग बोला.

तिनं काल औषध घेतलं. आम्ही काल अवंतिका एक्सप्रेस पकडली. त्यांनी निर्णय घेतला. आजी रोज चहा घ्यायची. मी दोन वर्षं गोळ्या घेतल्या. पूर्वी तो घ्यायचा, आता घेत नाही.

उत्तरं: आयेर तोमोऽ ला मेदिसिना. आयेर तोमाऽमोस एल अवंतिका. तोमाऽरोन ला देसिसिओन. ला आबुएला तोमाऽबा ते तोदोस लोस दिआस. तोमेऽ पास्तियास दुरान्ते दोस आन्योस. आणि शेवटचं: आन्तेस तोमाऽबा, पेरो या नो तोऽमा. काय घ्यायचा, ते सांगायची गरज दोन्ही भाषांत पडत नाही.